नर्सिंगची प्रॅक्टिकल परीक्षा: एक्सटर्नलसमोर अवसान गळू नये म्हणून

फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला मला फिमेल मेडिकल वॉर्डातल्या एका आजींचं बीपी घ्यायला सांगितलं होतं. कफ बांधला, स्टेथोस्कोप कानात घातला, हवा भरली. कानात माझ्याच छातीची धडधड. हवा सोडत गेले, पारा खाली येत गेला, आणि मला एकही ठोका ऐकू आला नाही. एक्सटर्नल मॅडम, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षक, शेजारीच उभ्या होत्या. मी म्हणाले, "१२०/८०, मॅडम."

त्यांनी काही न बोलता बीपी परत घेतलं आणि आजींच्या केसपेपरवर बोट ठेवलं. १६०/१००. बीपी वाढलं म्हणूनच आजी ॲडमिट होत्या, आणि ते माझ्या समोरच्याच कागदावर लिहिलेलं होतं. त्या प्रॅक्टिकलला मी नापास झाले आणि सप्लिमेंटरीला परत बसले.

बीपी घेता येत नव्हतं असं मुळीच नाही. पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ ड्युटीला, रोज सकाळी वीस-वीस पेशंटचं बीपी मी घेत होते. परीक्षेत मात्र माझं सगळं लक्ष मॅडमच्या चेहऱ्यावर होतं, आजींच्या हाताकडे नव्हतं. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीचा डिप्लोमा) करून आज मला वॉर्डात बारा वर्षं झाली. दरवर्षी पोस्टिंगला मुलं-मुली येतात आणि परीक्षेच्या महिन्यात तोच प्रश्न विचारतात, "सिस्टर, येतं सगळं, पण एक्सटर्नल समोर आले की हातपाय गळतात. काय करू?" त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. भीती मुळापासून घालवायच्या मागे लागू नका, ती पूर्ण जात नाही. तिला बाजूला उभी करून पेशंटचं काम कसं करायचं, तेवढं शिकता येतं.

१. परीक्षेचा दिवस कसा असतो ते आधी कळू द्या

निम्मी भीती माहिती नसल्याची असते. जीएनएमला साधारण असं घडतं: सकाळी हजेरी होते, चिठ्ठी उचलून किंवा यादीप्रमाणे पेशंट आणि प्रोसिजर मिळते, केअर प्लॅन लिहायला वेळ देतात, मग एक इंटर्नल (कॉलेजचे) आणि एक एक्सटर्नल परीक्षक तुमची प्रोसिजर बघतात आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घेतात. बी.एस्सी. नर्सिंगला २०२१ च्या अभ्यासक्रमापासून सेमिस्टर पद्धत आली. तिथे प्रॅक्टिकलमध्ये ओस्की (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन) आणि डीओपी (डायरेक्टली ऑब्झर्व्ह्ड प्रॅक्टिकल) असे दोन भाग असतात. ओस्कीत वेगवेगळी स्टेशनं, घंटा वाजली की पुढच्या स्टेशनवर जायचं. डीओपीत परीक्षकासमोर पेशंटवर प्रत्यक्ष काम करायचं.

थिअरीत आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे ५० टक्के लागतात. थिअरीचे जास्तीचे मार्क प्रॅक्टिकलला उपयोगी पडत नाहीत, म्हणून "पेपर चांगले गेलेत, बघू" असं म्हणत बसू नका.

सिनिअर मुलींना विचारा, पण नेमकं विचारा. कुठल्या वॉर्डात होती, डमीवर होती की पेशंटवर, ट्रे कोण लावतं, वेळ किती मिळाला. "एक्सटर्नल कडक होते का?" हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर ऐकून कोणालाच काही मिळत नाही, रात्रीची झोप मात्र जाते.

२. कागदपत्रं आणि सामान पंधरा दिवस आधी जमवा

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी प्रोसिजर बुकवर सही राहिली म्हणून ट्यूटर मॅडमच्या घरी धावत गेलेली मुलगी मी पाहिली आहे. सही मिळाली, पण दुसऱ्या दिवशी ती परीक्षेला उभी राहिली तेव्हा आधीच थकलेली होती. हे टाळता येतं.

कागदपत्रं:
- हॉल तिकीट आणि कॉलेजचं ओळखपत्र
- सगळ्या सह्या झालेलं प्रोसिजर बुक आणि क्युम्युलेटिव्ह रेकॉर्ड
- केअर प्लॅन, केस स्टडी, ड्रग बुक. मिडवाइफरी असेल तर डिलिव्हरीच्या केसेसचं बुक
- हजेरी किंवा पोस्टिंग पूर्ण झाल्याचा कागद, तुमच्या कॉलेजात लागत असेल तर

सामान:
- सेकंद काटा असलेलं घड्याळ, शक्यतो युनिफॉर्मला छातीशी अडकवायचं
- स्वतःचा स्टेथोस्कोप. उसना नको, कानाला सवयीचा हवा
- थर्मामीटर, टॉर्च, इंचटेप, कात्री
- निळं, काळं आणि लाल पेन, छोटी वही
- इस्त्रीचा युनिफॉर्म, केसांची जाळी, कापलेली नखं. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवायच्या, गळ्यातलं आत घ्यायचं

नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. चार-पाच तास उभं राहायचं असतं.

३. सराव हातांचा, आणि तोंडाचाही

आपण प्रोसिजर वाचतो, मनात घोळवतो, वॉर्डात गुपचूप करतो. परीक्षेत मात्र ती कोणीतरी बघत असताना, बोलत बोलत करावी लागते. हे बोलत करणं वेगळं कौशल्य आहे, आणि त्याचा सराव जवळजवळ कोणी करत नाही.

आम्ही सप्लिमेंटरीच्या वेळी हॉस्टेलच्या खोलीत तिघी बसायचो. एक पेशंट, एक स्टुडंट, एक एक्सटर्नल. एक्सटर्नल झालेली मुलगी हातात चेकलिस्ट घेऊन उभी राहायची, तोंडाने काही बोलायची नाही, फक्त टिक करायची. मधेच एक प्रश्न टाकायची, "हे का केलंस?" पहिल्या दिवशी मला त्या मैत्रिणीसमोरही घाम फुटला, जिच्या ताटात मी रोज जेवायचे. पाचव्या दिवशी नाही फुटला. कोणीतरी बघतंय, गप्प आहे, लिहितंय, या गोष्टीची शरीराला सवय व्हायला चार-पाच वेळा लागतात. ती सवय खोलीतच करून घ्या.

सरावाची माझी पद्धत अशी:

पहिल्यांदा नुसता ट्रे लावायचा. टेबल नसेल तर गादीवर वर्तमानपत्र पसरा आणि चिठ्ठ्यांवर नावं लिहून मांडा: किडनी ट्रे, मॅकिंटॉश (रबरी चादर), ड्रॉ शीट, आर्टरी फोरसेप्स, गॉज, स्वॅब, ग्लोव्हज. ट्रे पाठ करताना यादी घोकू नका, काम ज्या क्रमाने होणार त्या क्रमाने विचार करा. आधी पेशंटच्या खाली काय घालणार? मग काय उघडणार? कशाने पुसणार? वापरलेलं कशात टाकणार? असं गेलं की वस्तू आपोआप आठवते. ट्रे पूर्ण असला की पेशंटजवळून अर्ध्यात उठून "विसरलं" म्हणत पळावं लागत नाही, आणि परीक्षेत धीर सुटतो तो नेमका त्या पळण्यात.

मग पूर्ण प्रोसिजर मोठ्याने बोलत करायची. फक्त काय करतेय ते सांगू नका, का करतेय तेही अर्ध्या वाक्यात जोडा. उदाहरणार्थ, नाकातून पोटात जाणारी नळी घालताना: "रायल्स ट्यूब नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून झिफॉइडपर्यंत (छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत) मोजते, म्हणजे पोटात किती जायला हवी ते कळेल." असं बोललात की परीक्षकाचे अर्धे प्रश्न तिथेच संपतात.

आणि शेवटी, थोडी दमून करायची. जिन्याच्या दोन फेऱ्या वर-खाली करा आणि लगेच मैत्रिणीचं बीपी घ्या. छाती धडधडत असताना कान कसा लावायचा, हे मी असंच शिकले.

४. आदली रात्र आणि सकाळ

नवं काही वाचू नका. एकदा ट्रे, एकदा चेकलिस्ट, आणि झोप. झोप लागली नाही तरी दिवे घालवून आडवं पडा. सकाळी उपाशीपोटी जाऊ नका. पोहे, उपमा, चपाती-भाजी, जे रोज पोटाला बसतं तेच खा. चहा नेहमीइतकाच घ्या. धडधडणाऱ्या छातीला जास्तीच्या दोन कपांनी आणखी धडधडायला लावू नका.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. "एक गोळी घे, हात थरथरणार नाहीत" असं म्हणून प्रोप्रॅनोलॉल हातावर ठेवणारी मैत्रीण हॉस्टेलमध्ये एखादी असतेच. घेऊ नका. दमा असलेल्याला ती धोक्याची आहे, बीपी आणि पल्स खाली आणते, आणि परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच घेतलेलं औषध तुमच्या अंगात काय करील ते कोणालाच माहीत नाही. आपण औषधं देणारी माणसं आहोत, डॉक्टरांच्या ऑर्डरशिवाय पेशंटला गोळी देत नाही. स्वतःलाही देऊ नका.

५. बाहेर बाकावर बसलेला तास

हा सगळ्यात वाईट. आतून एक मुलगी रडत बाहेर येते, सगळ्या तिच्याभोवती जमतात, "काय विचारलं, काय विचारलं?" आणि जिचा नंबर पुढे आहे तिच्या तोंडचं पाणी पळतं. रडणाऱ्या मैत्रिणीला पाणी जरूर द्या, पाठीवर हात ठेवा, पण प्रश्नांची यादी मागू नका. तुमचा पेशंट वेगळा आहे.

बसल्या जागी करण्यासारखं एकच काम: श्वास. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, अशा दहा वेळा. बाहेर सोडताना वेळ जास्त द्यायचा, कारण पल्स हळू करणारी व्हेगस नर्व्ह तेव्हाच जोरात काम करते. फिजिओलॉजीत आपण शिकलो तेच हे. थंड पडलेले हात, कोरडा घसा, पोटात गोळा, सारखी लघवीला लागल्यासारखी भावना, हे सगळं, धोका दिसला की शरीराला सज्ज करणाऱ्या सिम्पथेटिक सिस्टिमचं नेहमीचं काम आहे. तुम्हाला काही झालेलं नाही. रक्तात आलेलं ॲड्रेनॅलिन काही मिनिटांत ओसरतं. आपण पुन्हा पुन्हा घाबरून घेत राहिलो तरच ते वाढत राहतं.

चक्कर येईल असं वाटलं तर गुडघे ताठ करून उभ्या राहू नका, पायाची बोटं बुटात हलवत राहा, आणि तोंड बंद ठेवून सोसू नका. "मॅडम, मला दोन मिनिटं बसू द्या" असं म्हटल्याने आजवर माझ्या पाहण्यात कोणी नापास झालेलं नाही.

६. हात धुण्याचा एक मिनिट तुमचा आहे

साबण-पाण्याने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागायला हवेत, हँडरब असेल तर २० ते ३०. घाबरलेली मुलगी दहा सेकंदांत उरकते आणि तिथेच मार्क घालवते. तुम्ही पूर्ण मिनिट घ्या. त्या मिनिटात तुम्हाला कोणी घाई करू शकत नाही, कारण तुम्ही बरोबर तेच करताय. तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं, मनगट. प्रत्येक जागेला एक सावकाश श्वास. चोळून हात गरम होतात, थरथर कमी होते. पुढची पहिली तीन कामं इथेच मनात लावून घ्या.

७. पेशंटजवळ गेलात की पेशंटशी बोला

माझं सगळं सांगणं या एका पायरीवर उभं आहे. परीक्षक कुठे उभे आहेत ते एकदा बघा, "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणा, आणि मग मान पेशंटकडे वळवा. नाव विचारा, केसपेपरशी ताडून बघा. मग त्यांच्या भाषेत सांगा:

"आजी, मी तुमचं बीपी बघतेय. हाताला जरा आवळल्यासारखं होईल, लगेच सोडते. आत्ता चालून आलात का? चहा कधी घेतला?"

हे बोलताना तीन गोष्टी होतात. चेकलिस्टमधले ओळख पटवणं, माहिती देणं, संमती घेणं हे मुद्दे होऊन जातात. तुमचा आवाज एकदा फुटला की घसा मोकळा होतो. आणि आजी काहीतरी उत्तर देतात, "नाही गं बाई, पडूनच आहे सकाळपासून," मग समोर परीक्षा राहत नाही, एक माणूस असतो. डमीवर असेल तरी तसंच बोला. डमीला नाव द्या, पांघरूण सारखं करा, पडदा ओढा.

आता बीपीचंच सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात.

स्टेथोस्कोप कानात घालताना इअरपीसची टोकं पुढे, नाकाच्या दिशेने असली पाहिजेत. घाबरून उलटा घातला की काही ऐकू येत नाही. डायफ्रॅमवर, म्हणजे पुढच्या चकतीवर, बोटाने हलकं टकटक करा, कुठली बाजू चालू आहे ते कळतं. कफ कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. मग आधी बोटाने: मनगटाची नाडी धरा, हवा भरा, नाडी कुठे जाते तो आकडा लक्षात ठेवा. हवा पूर्ण सोडा, थोडं थांबा. आता स्टेथोस्कोप लावून त्या आकड्याच्या ३० वर भरा आणि सेकंदाला दोन ते तीन मिलिमीटर अशी सावकाश सोडा. ही बोटाची पायरी मी त्या दिवशी गाळली होती. ती केली असती, तर कानात धडधड असतानाही सिस्टॉलिक, म्हणजे वरचा आकडा, कुठे आहे हे माझ्या बोटांना कळलं असतं, आणि १२० म्हणायला माझी जीभ वळली नसती.

ऐकू आलं नाही तर? हवा पूर्ण सोडा, आजींच्या हाताला मिनिटभर आराम द्या, आणि सांगा, "मॅडम, डायस्टॉलिक नीट ऐकू आलं नाही, परत घेते." मनातला आकडा कधीही सांगू नका. वॉर्डात त्या आकड्यावर गोळी दिली जाते.

८. हात थरथरतच असतील तर

थरथर थांबवायला गेलात की वाढते. हाताला टेकू द्या. इंजेक्शन भरताना दोन्ही कोपरं बरगड्यांना लावा आणि दोन्ही करंगळ्या एकमेकींना टेकवा, सिरिंज आणि व्हायल एकाच चौकटीत आल्यासारखी स्थिर होतात. अँप्युल गॉजमध्ये धरून फोडा. इंजेक्शन देताना डाव्या हाताचा तळवा पेशंटच्या दंडावर नीट टेकवून कातडी ताणून धरा, आयएमला (स्नायूतल्या इंजेक्शनला) ९० अंशात सुई एका दमात आत जाऊ द्या. भीत भीत, हळूहळू घातली की पेशंटला जास्त दुखतं.

सुईला टोपण परत लावायच्या नादी लागू नका. थरथरत्या हाताला सुई टोचण्याची सगळ्यात मोठी शक्यता तिथेच असते.

आणि प्रोसिजर संपली म्हणून सुटल्यासारखं होऊन सगळं एकाच बकेटमध्ये टाकू नका. सुई पांढऱ्या, आरपार न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, सुईविना सिरिंज लालमध्ये, रक्ताचा कापूस पिवळ्यात, काचेची अँप्युल निळ्यात. शेवटच्या दोन मिनिटांत घालवलेले मार्क फार चुटपुट लावतात. टायमिंग, डोस, साइट लिहून सही केल्याशिवाय तुमचं काम संपलेलं नाही.

हिशोब आला तर तो डोक्यात करू नका. कागदावर मांडा. ५०० मिली सलाइन ४ तासांत, सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली, तर ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं. उत्तर ४१.६६, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. सूत्र कागदावर दिसलं की शेवटचा आकडा चुकला तरी परीक्षकाला तुमची रीत कळते.

९. चूक झाली तर ती बोलून दुरुस्त करा

स्टराइल ग्लोव्ह कॉटच्या कठड्याला लागला. कोणी बघितलं का, म्हणून मुलगी आधी परीक्षकाकडे बघते. त्या नजरेवरूनच त्यांना कळतं. मग ती तसाच कॅथेटर हातात घेते. परीक्षकाच्या दृष्टीने आता चूक ग्लोव्ह लागल्याची राहिली नाही, पेशंटला इन्फेक्शन होऊ देण्याची झाली.

त्याऐवजी हात थांबवा आणि म्हणा, "मॅडम, माझा ग्लोव्ह कॉटला लागला. बदलते." बस, इतकंच. "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" चार वेळा नको. ग्लोव्ह बदला, आणि जिथे थांबला होतात तिथूनच पुढे चला. सप्लिमेंटरीला माझ्या हातून ड्रेसिंगचा एक स्वॅब ट्रेबाहेर पडला. मी सांगितलं, टाकून दिला, दुसरा घेतला. एक्सटर्नल सरांनी मान हलवली आणि पुढे काय करणार ते विचारलं. त्या मान हलवण्याने मला जो धीर आला तो अजून आठवतो.

सगळ्या चुका सारख्या नसतात हेही लक्षात घ्या. ड्रॉ शीटची घडी वाकडी राहिली, एक पायरी मागे-पुढे झाली, तर किरकोळ जातं. पेशंटची ओळख न पटवणं, ॲलर्जी न विचारणं, हात न धुणं, स्टरिलिटी मोडून पुढे जाणं, खोटं रीडिंग देणं, इथे तडजोड नाही. परीक्षेआधी प्रत्येक प्रोसिजरच्या चेकलिस्टमध्ये अशा चार-पाच ओळींखाली लाल रेघ मारून ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी त्या लाल ओळी हातून घडल्या पाहिजेत.

मधेच डोकं कोरं झालं तर? पेशंटकडे वळा, "बरं वाटतंय ना मावशी?" विचारा, ट्रेकडे बघा. ट्रेमध्ये न वापरलेलं जे पडलंय, ते तुमचं पुढचं काम.

१०. व्हायवा

प्रश्न पूर्ण ऐका, एक श्वास घ्या, मग बोला. दोन सेकंदांची शांतता तुम्हाला दोन मिनिटांची वाटते, समोरच्याला वाटत नाही.

उत्तर येत नसेल तर थाप मारू नका, आणि नुसतं "माहीत नाही" म्हणून खालीही बघू नका. जेवढं माहीत आहे तेवढं सांगा. समजा, हृदयाच्या एका औषधाबद्दल विचारलं: "मॅडम, डिगॉक्सिनचा डोस आत्ता आठवत नाही. पण देण्याआधी पूर्ण एक मिनिट एपिकल पल्स (छातीवर स्टेथोस्कोप लावून हृदयाचे ठोके) मोजीन, ६० च्या खाली असेल तर देणार नाही, सिस्टरना आणि डॉक्टरांना सांगेन." पेशंटला जपणारं उत्तर आहे हे, आणि परीक्षकाला ते हवं असतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुला-मुलींसाठी खास: इंग्रजी अडखळतं म्हणून येत असलेलं उत्तर पोटात ठेवणारी कितीतरी मुलं मी पाहिली. व्याख्या, औषधांची नावं, नॉर्मल व्हॅल्यूज इंग्रजीतून तोंडपाठ करा, रोज मोठ्याने म्हणा. समजावून सांगायची वेळ आली की सरळ विचारा, "मॅडम, हे मराठीत सांगू का?" मी विचारलं होतं, त्या हो म्हणाल्या. एखादे परीक्षक नाही म्हणतील, तर सोप्या, तुटक इंग्रजीत सांगा. व्याकरण कोणी तपासत नाही.

११. ओस्की असेल तर

ओस्कीची पद्धत रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे १९७५ मध्ये मांडली. कोणाला सोपा पेशंट, कोणाला अवघड, कोणाला मवाळ परीक्षक, हा नशिबाचा भाग कमी करायचा, हा तिचा हेतू. प्रत्येकाला तेच स्टेशन, तीच चेकलिस्ट. त्यामुळे परीक्षक हसले नाहीत, बोलले नाहीत, तर मनाला लावून घेऊ नका, त्यांना तसंच बसायला सांगितलेलं असतं.

दारावरची किंवा टेबलावरची सूचना दोनदा वाचा. "दाखवा" म्हटलंय की "सांगा", यात गल्लत करून मुलं वेळ घालवतात. आणि घंटा वाजली की मागचं स्टेशन तिथेच सोडा. तिसऱ्या स्टेशनवरची चूक चौथ्यावर मनात घोळवली की दोन्हीकडचे मार्क जातात. चालताना एकदा हात झटका, नवीन कार्ड वाचा.

१२. हे पुरत नसेल तर

काहींची भीती परीक्षेपुरती नसते. महिनाभर झोप नाही, जेवण जात नाही, वॉर्डाच्या दारात छाती आवळून श्वास घेता येत नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर यातली एकही युक्ती पुरणार नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. कॉलेजातल्या विश्वासाच्या मॅडमना सांगा, हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवस-रात्र आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. उद्या तुम्हीच पेशंटला हेच सांगणार आहात.

१३. निघताना

प्रोसिजर संपली, व्हायवा झाला, की लगेच पळू नका. कॉटचा कठडा वर करा, पांघरूण सारखं करा, पाण्याची बाटली हाताला येईल अशी ठेवा. बीपी, ताप, जखम, काहीही नेहमीपेक्षा वेगळं दिसलं असेल तर ड्युटीवरच्या सिस्टरना सांगा. मी पहिल्या वेळी रडत वॉर्डाबाहेर गेले आणि आजींच्या १६०/१०० कडे मी वळूनही बघितलं नाही, ते सिस्टरना एक्सटर्नल मॅडमनीच सांगितलं.

ज्यांनी तुम्हाला हात दिला, पाय दिला, तुमची धडपड अर्धा तास पडून सोसली, त्या आजींना किंवा काकांना "येते हं" म्हणून या. बाहेर कोणी उत्तरं जुळवायला थांबलं असेल तर थांबू नका. सकाळच्या खाण्यानंतर पोटात काही गेलेलं नसतं, मेसमध्ये जेवण संपायच्या आत जा.